शिकागोकडच्या अंगणात इथलंच पिवळं कोनफ्लॉवर कसं लावायचं

शिकागोच्या उपनगरांत नवीन घर घेतलेली मराठी मंडळी वसंत लागला की हमखास विचारतात, "अंगणात असं काय लावू, जे हिवाळ्यात मरणार नाही आणि ज्याच्यामागे रोज पाइप घेऊन धावावं लागणार नाही?" माझं उत्तर ठरलेलं असतं: इथल्या गवताळ रानात, म्हणजे प्रेअरीत, आपोआप उगवणारं पिवळं कोनफ्लॉवर लावा. एकदा रुजलं की दरवर्षी जुलैत स्वतःहून फुलतं. चिकणमाती चालते, पावसाने ओढ दिली तरी चालते, उणे वीस अंशांची थंडीही चालते.

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण खरी जुनी प्रेअरी आता शोधावी लागते. एकेकाळी या राज्यात सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1837 मध्ये जॉन डीअरने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी नांगर केला, त्या नांगराला इथली चिकट काळी माती चिकटून बसेना आणि बघता बघता सगळं रान मक्याखाली गेलं. मूळच्या चांगल्या प्रेअरीपैकी आज उरलाय तो एका टक्क्याचा जेमतेम शंभरावा भाग. त्यामुळे तुमच्या कुंपणालगतची दहा बाय दहाची जागासुद्धा इथल्या मधमाश्यांच्या आणि पाखरांच्या खरोखर उपयोगाची आहे.

काम अवघड नाही. फक्त सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्यांवर बरेच जण फसतात, म्हणून त्या सविस्तर लिहितो.

१. आधी फूल नीट ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुकानात 'येलो कोनफ्लॉवर' या नावाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी मिळतात.

आपल्याला हवं आहे ते रॅटिबिडा पिनाटा. इथे त्याला ग्रे-हेडेड कोनफ्लॉवर म्हणतात. उंची तीन ते पाच फूट, देठ बारीक आणि ताठ. पाकळ्या पिवळ्याधमक, लांबट आणि खाली लोंबणाऱ्या. मधला कोन, म्हणजे शंकूसारखा भाग, उभट असतो, आधी राखाडी-हिरवा आणि मग खालून वर तपकिरी होत जाणारा. जुलैत जवळ जाऊन बघा. कोनावरची बारीक फुलं एकदम उमलत नाहीत. तळाशी एक कडं उमलतं, ते रोज थोडं वर सरकतं आणि लहानशा मधमाश्या त्या कड्यावरूनच गोल फिरत असतात. शंका असेल तर कोन बोटांनी चुरडा, बडीशेपेसारखा वास येतो. पानं खोल कातरलेली आणि हाताला खरखरीत लागतात.

दुसरं एकिनेशिया पॅराडॉक्सा. हे मिझुरी आणि आर्कान्सामधल्या ओझार्क डोंगरांतलं. एकिनेशियाची बाकीची भावंडं जांभळी-गुलाबी आणि हे एकटं पिवळं, म्हणून नावातच 'पॅराडॉक्स'. फूल फार देखणं आहे, पण त्याला चुनखडीची, खडकाळ, पाणी न धरणारी जमीन लागते. सेंट लुइसकडे राहणाऱ्यांनी ते जरूर लावावं, ते त्यांच्या राज्याचंच आहे. शिकागोच्या चिकणमातीत मात्र ते हिवाळ्यातल्या ओलीने मुळाशी सडतं, आणि मूळचं इलिनॉयचं ते नाहीच.

तिसरी म्हणजे मोठ्या दुकानांत मे महिन्यात कुंड्यांतून येणारी पिवळी-केशरी एकिनेशिया. यातली बहुतेक ओझार्कच्या पिवळ्याचा जांभळ्याशी संकर करून तयार केलेली असतात. दिसतात छान, पण त्यातली बरीचशी दोन-तीन हिवाळ्यांत संपतात. 'डबल' फुलांमध्ये तर पाकळ्यांची इतकी दाटी असते की माशीला आत शिरता येत नाही. मूळचं रोप हवं असेल तर यांच्या वाटेला जाऊ नका.

चौथं ब्लॅक-आइड सुझन, म्हणजे रुडबेकिया हिर्टा. तेही इथलंच आणि चांगलं आहे, पण मधला भाग काळपट आणि बुटक्या घुमटासारखा, पाकळ्या आडव्या, आणि रोपाचं आयुष्य कमी.

ही सगळी आपल्या सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि सह्याद्रीतल्या सोनकीच्या कुळातली, त्यामुळे लांबून सारखी वाटतात. खरेदी करताना बोलीतल्या नावावर विसंबू नका, लेबलवरचं शास्त्रीय नाव वाचा. ते लेबलवर नसेल तर रोप घेऊ नका.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर जुलैच्या शेवटी लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये शुलेनबर्ग प्रेअरीत चक्कर मारा. 1962 पासून जोपासलेली ही प्रेअरी देशातल्या सगळ्यात जुन्या पुनर्निर्मित प्रेअरींपैकी एक आहे. वेळ असेल तर विल्मिंग्टनजवळची मिडेविन प्रेअरीही बघा. तिथे पूर्वी दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथलं रोप किंवा बी मात्र काढून आणू नका. राखीव जागेतून काहीही उचलायला परवानगी नसते.

२. जागा निवडा

रोज निदान सहा तास थेट ऊन. यात तडजोड नाही. सावलीत हे रोप उंच वाढतं, कलतं आणि आडवं होतं.

मातीची काळजी करू नका. नव्या वसाहतींत बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेलेली असते आणि खाली दाबलेली पिवळट चिकणमाती उरते. गुलाब तिथे रुसतात, रॅटिबिडा नाही रुसत. कित्येक दिवस पाणी साचून राहतं तेवढी जागा सोडा.

आणि खत घालू नका. गावाकडची सवय म्हणून आपण शेणखताचं पोतं आणतोच. श्रीमंत मातीत हे रोप नुसतं उंच होतं आणि पहिल्या वादळात लोळतं. कंपोस्टही नको.

३. परवानग्या आणि कागद

घर वसाहतीच्या संघटनेत, म्हणजे एचओएत असेल, तर फावडं उचलण्याआधी नियमावली वाचा. बऱ्याच गावांतही गवत अमुक इंचांपेक्षा उंच नको असा नियम असतो. मुद्दाम लावलेल्या फुलझाडांना तो सहसा लागू होत नाही, पण वाफा 'मुद्दाम लावलेला' दिसला पाहिजे. त्यासाठी कडेला विटांची किंवा दगडांची स्पष्ट रेघ ठेवा, पुढच्या बाजूला बुटकी रोपं लावा आणि छोटी पाटी लावा.

अर्जासोबत हे द्या:

- घराचा प्लॅट ऑफ सर्व्हे (जागेच्या मोजणीचा नकाशा), त्यावर वाफ्याची जागा आखून
- लावणार त्या रोपांची यादी, शास्त्रीय नावं आणि उंचीसह
- फुललेल्या रोपांचे दोन-तीन फोटो (नुसती नावं वाचून समितीला 'तण' वाटतं)
- देखभाल कोण आणि कधी करणार, याच्या चार ओळी

मंजुरी लेखी घ्या. तोंडी होकार समिती बदलली की जातो.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली पट्टी बहुधा गावाच्या ताब्यात असते, तिथे विचारल्याशिवाय लावू नका. आणि खणण्याआधी काही कामाचे दिवस 811 वर फोन करा. इलिनॉयमध्ये ही सेवा 'जुली' नावाने चालते. फुकट आहे. माणसं येऊन गॅस, वीज, केबल कुठून जाते ते रंगाने आणि झेंड्यांनी दाखवून जातात. केबलची वायर कधीकधी जमिनीत अगदी वरच असते, तेव्हा 'मला तर थोडंसंच खणायचंय' म्हणून हा फोन टाळू नका.

४. हिरवळ मारा, पण माती उलथू नका

आपल्याकडे पेरणीआधी नांगरणी हवीच, त्यामुळे पहिला मोह टिलर, म्हणजे माती उलथणारं यंत्र, भाड्याने आणण्याचा होतो. आणू नका. मातीत वर्षानुवर्षं झोपलेलं तणाचं बी टिलरने वर येतं आणि पुढचे दोन उन्हाळे ते उपटण्यात जातात.

रोपं लावणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरात गवत बुटकं कापा आणि त्यावर खोक्यांचा साधा पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या काढून टाका. कडा एकमेकींवर सहा इंच चढवा, नाहीतर फटीतून गवत डोकं काढतं. भरपूर पाणी मारा आणि वर तीन-चार इंच लाकडाच्या भुश्याचं मल्च, म्हणजे आच्छादन, पसरा. वसंतात पुठ्ठ्याला भोक पाडून रोप खाली मातीत लावता येतं.

बी पेरणार असाल तर ही पद्धत चालणार नाही, कारण मल्चखालून हे बारीक बी वर येत नाही. त्यासाठी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जागा काळ्या ताडपत्रीने झाकून ठेवा आणि कडा दगडांनी दाबा. नोव्हेंबरात ताडपत्री काढली की खाली उघडी माती मिळते. वरवर दंताळं फिरवा, बस.

५. बी की रोप?

पाच-दहा रोपांची जागा असेल आणि फुलं लवकर हवी असतील तर रोपं घ्या. इथे लहान साच्यातल्या रोपांना 'प्लग' म्हणतात. शंभर चौरस फूट किंवा जास्त जागा असेल तर बी स्वस्त पडतं. रॅटिबिडाचं बी बारीक, एका औंसात साधारण तीस हजार दाणे, त्यामुळे एक छोटं पाकीट खूप झालं.

मिनेसोटात विनोनाची प्रेअरी मून नर्सरी आणि विस्कॉन्सिनमध्ये वेस्टफील्डची प्रेअरी नर्सरी, या दोन्ही फक्त इथल्या देशी वनस्पतींचं काम करतात आणि टपालाने पाठवतात. मे महिन्यात फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या, म्हणजे इथल्या राखीव रानांच्या, देशी रोपांच्या विक्रीही असतात, तिथे माणसांशी बोलता येतं.

दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: रोपांवर निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक वापरलंय का? ते रोपाच्या अंगात मुरतं, पराग आणि मधातही उतरतं. ज्या मधमाश्यांसाठी फूल लावायचं त्यांनाच ते बाधतं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

'वाइल्डफ्लॉवर मिक्स' लिहिलेली रंगीत पाकिटंही टाळा. त्यात पुष्कळदा बाहेरच्या खंडांतली वार्षिक फुलं भरलेली असतात. पहिल्या वर्षी बहार, पुढे फक्त तण.

६. बियांना हिवाळा द्या

घरात मेथी पेरतो तसं हे बी मार्चमध्ये कुंडीत टाकलं तर फारच थोडं उगवतं. ओल्या थंडीत काही काळ गेल्याशिवाय ते जागं होत नाही. ती थंडी तीन प्रकारे देता येते.

पहिला आणि सगळ्यात सोपा: नोव्हेंबरात, बर्फाच्या आधी, थेट जमिनीवर पेरा. बाकीचं काम हिवाळा करतो.

दुसरा फ्रिजचा. मूठभर ओलसर वाळूत बी मिसळा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. झिपच्या पिशवीत भरून फ्रिजमध्ये महिनाभर ठेवा, फ्रीजरमध्ये नको. पिशवीवर नाव आणि तारीख ठळक लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी आवराआवरीत ती फेकून देतं. एकिनेशिया पॅराडॉक्सा असेल तर महिन्याऐवजी दोन-तीन महिने लागतात.

तिसरा दुधाच्या कॅनचा, आणि नवख्यांना मी हाच सुचवतो. दुधाचा एक गॅलनचा प्लॅस्टिकचा कॅन धुवा, तळाला भोकं पाडा, मुठीच्या खालून आडवा कापा, पण एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवा. आत चार इंच ओलं पॉटिंग मिक्स भरा, वर बी भुरभुरवा, दाबा, कॅन बंद करून चिकटपट्टी लावा. तोंडाचं छोटं झाकण काढून टाका, म्हणजे पाऊस आणि बर्फ आत जाईल. जानेवारीत तो अंगणात उन्हाच्या जागी ठेवा. एप्रिलमध्ये आत हिरवं दिसायला लागलं की दिवसा वरचा भाग उघडा ठेवा. खारींपासून संरक्षण होतं, आणि मुख्य म्हणजे उगवलेलं ते रॅटिबिडाच आहे याची खात्री असते.

थेट जमिनीत पेरलंत तरी चार बिया अशा कॅनमध्ये टाकाच. वाफ्यात काय ठेवायचं आणि काय उपटायचं, हे त्या रोपांशी ताडून बघता येतं.

७. लागवड

लागणारं सामान फार नाही: बागेचं हातखुरपं, दंताळं, पाण्याचा पाइप, बारीक छिद्रांची तारेची जाळी, नावाच्या पट्ट्या, पेरणीसाठी वाळू.

पेरताना बी वाटीभर ओलसर वाळूत मिसळा, म्हणजे सारखं पसरतं आणि कुठे पडलं ते दिसतं. मातीने झाकू नका, फार तर दंताळ्याने हलकेच हलवा. मग त्यावरून चालत जा, पायाने दाबलं की बी मातीला चिकटतं. रॅटिबिडा एकटं पेरू नका आणि प्रमाणाबाहेरही पेरू नका. ते चटकन पसरतं आणि हळू वाढणाऱ्यांना दाबून टाकतं. मिश्रणात त्याचा वाटा दहावा भाग पुरे.

रोपं मे महिन्याच्या मध्यापासून लावा. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. सोबत लिटल ब्लूस्टेम हे गवत हवंच. या गवताच्या आधाराने कोनफ्लॉवर उभं राहतं, काठ्या बांधाव्या लागत नाहीत. शिवाय जांभळं कोनफ्लॉवर, बी बाम (मोनार्डा) आणि शरदात फुलणारे अॅस्टर घ्या.

लावल्या दिवशीच प्रत्येक रोपाभोवती जाळी उभी करा. ससे कोवळी पानं एका रात्रीत देठापर्यंत खातात.

८. पहिली दोन वर्षं

लावलेल्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस झाला तर तेही नाही. पुढच्या वर्षापासून पाणी बंद.

पेरलेल्या वाफ्यात पहिल्या वर्षी फुलांची वाट बघू नका. वर चार पानं दिसतात, सगळी वाढ जमिनीखाली चालू असते. तण मात्र कमरेएवढं होऊ बघतं. ते उपटत बसलात तर शेजारची कोवळी रोपंही मुळासकट येतात, म्हणून फुटभर झालं की सगळा वाफा सहा इंचांवर कापा. साधं मॉवर इतकं उंच बसत नाही, स्ट्रिंग ट्रिमर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापणारं यंत्र, वापरा. दुसऱ्या वर्षी तुरळक फुलं दिसतात, तिसऱ्या जुलैत वाफा पिवळा होतो.

याच काळात सगळ्यात जास्त वाफे मरतात ते हिरवळीवर औषध फवारणाऱ्या कंपन्यांच्या माणसांमुळे. रुंद पानांचं तण मारणारं औषध कोनफ्लॉवरही मारतं, आणि वाऱ्याने ते दहा फूट सहज उडतं. कंपनीला लेखी कळवा, वाफ्याभोवती झेंडे लावा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. तण उगवू नये म्हणून पसरायची दाणेदार औषधं मिळतात, ती वाफ्यात अजिबात टाकू नका. ती कुठल्याही बियाला रुजू देत नाहीत, तुमच्याही नाही.

९. काय चाललंय ते ओळखा

पानांना भोकं दिसली म्हणून औषध मारू नका. सिल्व्हरी चेकरस्पॉट नावाच्या फुलपाखराच्या अळ्या ही पानं खातात, आणि रोप त्यातून सावरतं. फुलावर एखादी पाकळी चालताना दिसली तर थांबून बघा. एका पतंगाची अळी पाकळ्यांचे तुकडे स्वतःच्या पाठीवर चिकटवून घेते आणि फुलात फूल होऊन बसते. मुलांना दाखवा, ती विसरणार नाहीत.

काळजी करायची ती अॅस्टर यलोज या रोगाची. तुडतुडे तो पसरवतात आणि त्याला औषध नाही. पाकळ्या हिरव्या पडतात, कोनातून पानांचे झुबके फुटतात, रोप वेडंवाकडं होतं. असं रोप मुळासकट काढून कचऱ्यात टाका. कोवळा कोन हिरवा असणं मात्र नैसर्गिक आहे, त्याला घाबरून रोप उपटू नका.

फार उंच होऊन कलत असेल तर मेच्या शेवटी एक तृतीयांश शेंडा छाटा. फुलं थोडी उशिरा येतात, पण रोप आटोपशीर राहतं. उशिरा येण्याचा एक फायदा आहे. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात असतात, आणि तेव्हा घरच्या अंगणातली पिवळी फुलं मूर्तीपुढे ठेवता येतात. देठ लांब असल्यामुळे ती फुलदाणीतही टिकतात.

१०. शरदात कात्री बाजूला ठेवा

ऑक्टोबरात सगळं तपकिरी झालं की साफसफाईची हुक्की येते. थांबा. त्या वाळक्या कोनांवर गोल्डफिंच पक्षी येऊन बसतात आणि बी टिपून खातात. देठ हिवाळाभर उभे राहू द्या. एप्रिलच्या अखेरीस, ऊब आल्यावर, ते जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापा. बुंधे तसेच ठेवा, काही रानटी मधमाश्या त्या पोकळीत अंडी घालतात. नवीन वाढ त्यांना दोन-तीन आठवड्यांत झाकून टाकते.

स्वतःचं बी हवं असेल तर पक्ष्यांसाठी बहुतेक कोन सोडून थोडेच घ्या. कोन राखाडी-तपकिरी झाला आणि बोटाने दाबल्यावर भुगा झाला की बी तयार. कोरड्या दिवशी कागदी पिशवीत तोडा, आठवडाभर पिशवी उघडी ठेवून वाळवा, चोळून बी वेगळं करा आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. बरणीवर वर्ष लिहा. नोव्हेंबरात उरलेल्या जागेत पेरा, किंवा चमचाभर बी पुडीत बांधून शेजारच्यांना द्या आणि सोबत पायरी सहाची माहितीही सांगा.